मतामागचं साल

आमच्याकडं मत मागावं लागत नाही. डेअरीवर दूध घालायला निघालं की वाटेत तीन-चार मिळतात. दळण घेऊन गेलं तर गिरणीत बसलेल्या बाया पीठ पडेपर्यंत पुढच्या दहा वर्षांचा आराखडा काढून देतात. घनसावंगी तालुक्यातलं आमचं गाव लहान. जायकवाडीचा डावा कालवा तालुक्यातून जातो, पण आमच्या शिवाराला त्याचं पाणी नाही, म्हणून ऊसवाल्या गावांचा थाटही नाही. कापूस, सोयाबीन, तूर, आणि विहिरीला पाणी टिकलं तर मोसंबी. पाण्याचा भरवसा नसलेली माणसं कुठल्याही नव्या गोष्टीकडं आधी डोळे बारीक करून बघतात. आमचं अख्खं गाव तसं बघतं.

मी पुण्यात राज्यसेवेचा अभ्यास करत होते. मराठवाड्यात हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सदाशिव पेठेतली अभ्यासिका, कॉट बेसिसवरची खोली, मेसचा डबा, आणि सणाला गावी आलं की पायातली चप्पल काढायच्या आत ‘यंदा निघतंय का?’ २०२० च्या मार्चमध्ये अभ्यासिका बंद झाल्या आणि पोरंपोरी मिळेल त्या गाडीनं गावाकडं आली. पुढं सगळं सुरू झालं तेव्हा माझ्या खोलीतल्या बाकीच्या परत गेल्या. मी गेले नाही. लोकांना यामागं एखादी मोठी घटना हवी असते, तशी काही नाही. अभ्यास झेपत नव्हता असं नाही आणि कुणाशी भांडणही झालं नव्हतं. त्या महिन्यांत मी अण्णांबरोबर रोज रानात जात होते आणि संध्याकाळी, आज काय केलं हे मला सांगता येत होतं. अभ्यासिकेत वर्षानुवर्षं ते सांगता येत नव्हतं. एवढंच.

मग शेजारच्या गावात एका शेतकऱ्याचं रेशमाचं शेड बघितलं, रेशीम विभागाच्या माणसांना भेटले, मनरेगातून तुतीला अनुदान मिळतं ते कळलं, आणि एक एकर तुती लावली. गावाला विषय मिळाला. ‘किडेच पाळायचे व्हते तं पुण्याला कामून गेलती?’ हे सगळ्यात सौम्य. पारावरच्या मंडळींनी तर हिशेबच मांडला होता की पुण्यातला एकूण खर्च वसूल व्हायला किती किडे लागतील.

त्या दिवसांत मला उपदेश करणारे दोन प्रकारचे होते. एक, ‘लोकांचं ऐक’ म्हणणारे. दुसरे मोबाइलवरचे, ‘लोकांचं काही ऐकू नको, स्वतःवर विश्वास ठेव’ असं पाठीमागं संगीत लावून सांगणारे. दुसऱ्या प्रकारच्या माणसांना एकदा आमच्या गल्लीत महिनाभर राहायला बोलवावं असं मला वाटतं. ज्या नळावर पाणी भरायचं, ज्यांच्या बांधावरून आपल्या रानात जायचं, ज्यांच्या लग्नात वाढायला उभं राहायचं, त्यांचं ऐकायचंच नाही म्हणजे नेमकं काय करायचं? कान कुठं ठेवायचे?

मला हळूहळू एक सवय लागली. कुणी मत दिलं की मी मनातल्या मनात शोधते, हे मत कोणत्या सालचं आहे. आमच्याकडच्या बहुतेक मतांच्या मागं एक साल असतं. बोलणारा आज बोलतो, पण सांगत त्या सालचं असतो.

आजीचं साल ७२. त्या दुष्काळात ती तलावाच्या कामावर खडी फोडायला होती. लाल मिलोच्या भाकरी आणि वाटपाची सुकडी यांची चव तिला अजून आठवते आणि अजून नकोशी वाटते. तुती लावायचं ठरलं तेव्हा तिनं एकच विचारलं, ‘ज्वारी कुठं पेरणार?’ रेशमाला भाव किती, बाजार कुठं, यातलं काही नाही. पोटापुरती ज्वारी घरच्या रानात पाहिजे, मग बाकी काय लावायचं ते लावा. भावंडं हसली. मला हसू आलं नाही, कारण जिनं उपास काढलाय तिचा हा प्रश्न पहिलाच असणार. ज्वारीचा तुकडा आम्ही हलवला नाही.

अण्णांचं साल २०१२. जालना जिल्ह्यात त्या वर्षी पाऊस गेला आणि २०१३ चा उन्हाळा येईतो मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. आमचीही. अण्णांनी टँकर विकत घेऊन झाडं जगवायचा प्रयत्न केला. आधी अर्धी बाग वाचवू म्हणाले, मग पाव, मग कुऱ्हाड आणली. पोराबाळांसारखी वाढवलेली झाडं सरपणाच्या भावानं गेली. त्या बागेवर माझं बारावीपर्यंतचं शिक्षण झालं होतं. त्यामुळं तुतीचं नाव काढल्यावर अण्णा जे बोलले त्यात मला विरोध ऐकू आलाच नाही. ‘झाड लावायचं तं उन्हाळ्यातली विहीर बघून लाव, पावसाळ्यातली बघू नको,’ म्हणाले. मी दोन एकर म्हणत होते. आम्ही दोघं मे महिन्यात विहिरीच्या काठावर उभे राहिलो, मोटर किती वेळ चालते ते बघितलं, आणि एक एकर ठरलं, ठिबकवर. तुती खोल मुळाची, तग धरणारी. एकदा लावली की बारा-पंधरा वर्षं पाला देते. पण पाला जाड आणि रसरशीत हवा असेल तर पाणी लागतंच. अण्णांच्या मतानं माझी वाट बदलली नाही, तिची रुंदी मात्र ठरवून दिली.

आता त्या किड्यांविषयी, म्हणजे अळ्यांविषयी, कारण ज्या गोष्टीला गाव नाकं मुरडत होतं ती जवळून कशी असते ते सांगितलं पाहिजे. अंडीपुंजातून निघालेली अळी काळी, बारीक, मुंगीएवढी. पहिल्या दोन अवस्था नाजूक, म्हणून त्या चॉकी केंद्रात वाढवतात आणि आपल्याकडं दुसरी कात टाकलेल्या येतात. शंभर अंडीपुंज म्हणजे चाळीस हजारांच्या वर जीव, आणि ते सगळे एकदम जेवणार. फांद्या कापून आणायच्या, रॅकवर आडव्या-उभ्या अंथरायच्या. काही दिवसांनी सगळ्या एकाएकी खाणं थांबवतात, डोकं वर करून स्तब्ध बसतात. आम्ही म्हणतो, मोल्टला बसल्या, म्हणजे कात टाकायला. तेव्हा पाला टाकायचा नाही, चुना भुरभुरायचा आणि वाट बघायची. काही लवकर उठतात, भुकेनं इकडंतिकडं तोंड फिरवतात. त्यांची दया येऊन पाला टाकला की बॅच मागंपुढं होते, ती शेवटपर्यंत सरळ होत नाही. जवळजवळ सगळ्या उठेपर्यंत हात आवरायचा. पाचव्या अवस्थेत मात्र आपण आवरायचं काही राहत नाही. आयुष्यभराच्या पाल्यातला ऐंशी टक्क्यांहून जास्त पाला त्या या शेवटच्या सात-आठ दिवसांत खातात. बोटाएवढी जाड, पांढरी, हाताला गार लागणारी अळी, आणि रॅकवर पाला टाकून वळावं तर मागं नुसत्या काड्या. मग अंग पिवळसर, पारदर्शक होतं, त्या खाणं सोडतात आणि डोकं आठच्या आकड्यात फिरवत स्वतःभोवती धागा गुंडाळायला लागतात. एका कोषात हजार मीटरच्या आसपास अखंड धागा निघतो. तिसऱ्या दिवशी आतली अळी दिसेनाशी होते.

आईला पहिल्या बॅचला शेडमध्ये पाय ठेववत नव्हता. आता ती चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या जाळीवर, राहिलेल्या एकेका चुकार अळीला पदरानं उचलून जागेवर बसवते. तिचं मत बदललं का, तर नाही. ‘नोकरी ती नोकरीच’ हे ती अजून म्हणते. हातानं काम केल्यानं मत बदलतंच असं नाही. किळस तेवढी जाते.

आजीचं दुसरं मत मला आजतागायत पेलता आलेलं नाही. आमचं घर माळकरी. तिच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, पैठणची षष्ठी तिनं पाय चालत होते तोवर चुकवली नाही. पहिले कोष घरी आले तेव्हा तिनं एक हातात घेऊन हलवला, आतला कोशित खुळखुळला, आणि तिनं विचारलं, ‘ह्याचं पुढं काय करतेत?’ मी सांगितलं. पतंग बाहेर पडला तर कोष फुटतो, धागा तुटतो, म्हणून गरम हवेत आतला जीव मारून मग धागा उकलतात. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘माळकऱ्याच्या घरात हे बरं नाही माय.’ मी देवाचा रेशमी पितांबर, सोवळं, लग्नातल्या पैठण्या सगळं काढलं. कपाशीवर फवारा मारतो तेव्हा किती मरतात तेही काढलं. हा पतंग तर असा आहे की पंख असून त्याला उडता येत नाही, माणसानं हजारो वर्षं पाळून त्याला तसं करून टाकलंय, हेही सांगितलं. आजी म्हणाली, ‘मंग ते तं आणखी वाईट.’

यावर मी काय बोलणार? तिच्या या मतामागं दुष्काळ नाही, पैसा नाही, लोक काय म्हणतील हेही नाही. तिला खरंच तसं वाटतं. मी काम सोडलं नाही. पण कोषांची पोती घराच्या ओसरीवर ठेवायची नाहीत, शेडातूनच गाडीत चढवायची, एवढं तिच्यासाठी पाळते. एखाद्या माणसाचं म्हणणं बरोबर असू शकतं आणि तरी आपण आपलंच करत असतो, हे कबूल करून रोज कामाला जायचं असतं. ‘मला माझा मार्ग सापडलाय’ म्हणणाऱ्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड असतो तो मला म्हणूनच जरा संशयास्पद वाटतो.

लग्नाचा विषय येणारच. आमच्या तालुक्यात जांब हे समर्थ रामदासांचं गाव. ब्राह्मणांनी ‘सावधान’ म्हटलं आणि लहानगा नारायण बोहल्यावरून पळाला, ही गोष्ट आमच्याकडच्या प्रत्येक पोराला पाठ असते. रामनवमीला जांबला गर्दी होते, कीर्तनात बुवा ती गोष्ट रंगवून सांगतात, माना डोलतात. पळालेल्या मुलाचं एवढं कौतुक असणाऱ्या मुलखात एखाद्या मुलीनं नुसतं ‘थोडं थांबू’ म्हटलं तर तिला घोडनवरी म्हणतात. पळायचं तर सोडाच, मी जागची हललेसुद्धा नव्हते! मंडपातून पळून जाणाऱ्यापेक्षा गावातच राहून ‘आत्ता नाही’ म्हणणाऱ्याचं काम अवघड आहे असं माझं मत. समर्थांनी राग मानू नये.

बघायला आलेल्यांची गंमत वेगळीच. शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही ही आमच्याकडं घरोघरची कटकट. तीच मंडळी माझ्याकडं येतात तेव्हा मुलगी शेती करते म्हणून बिचकतात. नोकरीवाला म्हणतो, लग्नानंतर शेडचं काय? शेतकरी म्हणतो, आमच्याकडं येऊन करा की, शेड आम्ही बांधू. तुती मात्र मुळासकट उपटून सासरी नेता येत नाही, हे त्यालाही माहीत असतं.

आता बापूंविषयी. बापूंचं रान आमच्या तुतीला लागून, मध्ये फक्त बांध. ‘किडे’ म्हणून सगळ्यात मोठ्यानं हसणारे तेच. मी मनातल्या मनात त्यांना केव्हाच बाद केलं होतं. एका खरिपात माझी बॅच पाचव्या अवस्थेत होती. सकाळी पाला टाकून गेले, दुपारी आले तर रॅकवर काही वेगळंच चाललं होतं. अळ्या डोकं गरागरा फिरवत होत्या, तोंडातून हिरवट पाणी येत होतं, अंगं आखडून निम्मी झाली होती. संध्याकाळपर्यंत शेडमध्ये हलणारं काही राहिलं नाही. आदल्या दिवशी बापूंनी कपाशीवर फवारा मारला होता आणि वारं आमच्याकडं होतं. तुतीच्या पानाला कीटकनाशकाचा नुसता शिडकावा लागला तरी अळीला पुरतो. अळीच ती, बोंडअळीच्या औषधाला तिच्यात आणि बोंडअळीत फरक कळत नाही.

अण्णा म्हणाले, भांडायला जायचं नाही. भाऊ फोनवर म्हणाला, तक्रार कर. मी रात्रभर बोलायची वाक्यं जुळवली आणि सकाळी बापूंच्या आखाड्यावर गेले. बापू पंप धूत होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, ‘सतरा सालासारखं व्हईल म्हणून मारलं.’ २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं मराठवाड्यातली कपाशी खाल्ली होती. बोंड वरून धडधाकट, फोडलं तर आत सगळं कुजकं. त्या साली बापूंच्या धाकट्या मुलीचं लग्न होतं. तेव्हापासून कपाशीत एक पतंग दिसला तरी त्यांचा हात पंपाकडं जातो. मी मृत अळ्यांची घमेली दाखवायला बरोबर नेली होती. त्यांनी वाकून बघितली आणि विचारलं, ‘एवढ्याचे किती झाले असते?’ मी आकडा सांगितला. ते खालीच बसले. हसण्याचा विषय त्या दिवशी पैशात मोजला गेला.

पुढं जे ठरलं ते फार काही उदात्त नाही. फवारायच्या आधी बापू फोन करतात, वारं बघतात, बॅच शेवटात असेल तर दोन दिवस थांबतात. मी बांधाच्या कडेनं नेपियर गवत दाट लावलं. रॅकवरच्या उरलेल्या फांद्या आणि पाला त्यांच्या शेळ्यांना जातो, शेळ्या तो हावऱ्यासारखा खातात. बापू अजूनही माझ्या धंद्याला हसतात. हसू देत. लोकांचं मत उडवून लावता येतं, लोकांची फवारणी नाही. ‘मी कुणाची पर्वा करत नाही’ असं म्हणणाऱ्याच्या शेताला बांधच नसावा.

काही मतांना साल नसतं, हातातलं काम असतं, आणि ती मी जपून ऐकते. शेडवर कामाला येणाऱ्या मावशी कधी शाळेत गेल्या नाहीत. पण रॅकसमोर उभ्या राहून म्हणतात, ‘ह्या कोपऱ्यातल्या उठल्या न्हाईत आजून, थांबा,’ आणि प्रशिक्षणात मिळालेल्या कागदापेक्षा ते खरं निघतं. आमच्या रेशीमवाल्यांच्या ग्रुपवर कुणी ‘ग्रासेरी दिसतेय’ असा रोगट अळीचा फोटो टाकला की कधी न भेटलेली माणसं रात्री अकराला उत्तर देतात. आणि सगळ्यात रोखठोक मत जालन्याच्या कोष बाजारात. २०१८ ला जालन्याच्या बाजार समितीत हा बाजार सुरू झाला; त्याआधी इकडचे शेतकरी कोष घेऊन थेट कर्नाटकात रामनगरला जायचे. ‘जालना, सोने का पालना’ म्हणतात ते स्टील आणि बियाण्यांवरून असेल, पण माझ्यासाठी जालना म्हणजे तो लिलाव. व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळातले कोष वर काढतो, चिमटीत दाबतो, कानाशी हलवतो, पोचट आणि जोडकोष बाजूला टाकतो, आणि आकडा बोलतो. तू शिकलेली आहेस का, कुणाची मुलगी, वय काय झालं, यातलं काही तो विचारत नाही. भाव पडलेला असला की मी चिडते, घरी येईपर्यंत धुसफुसते. पण त्या आकड्यानं माझा कधी अपमान झाला असं वाटलं नाही. पारावरच्या कौतुकानंसुद्धा तो कधीकधी झालाय.

भाव मनासारखा मिळाला त्या वर्षी मतं एकदम गोड झाली. ‘आम्ही तं आधीच म्हणत व्हतो.’ पुढच्या वर्षी दर उतरले, तशी पुन्हा आंबली. यातून मला एक बरं झालं. दोन्ही वेळची माणसं तीच होती आणि दोन्ही वेळची मीही तीच होते, त्यामुळं कौतुकाची हवा डोक्यात जायच्या आत निघून गेली.

आणि एक मत आहे, ते बोललं जात नाही, नुसतं घरात वावरतं. शेड अण्णांच्या नावावरच्या रानात आहे. भाऊ चाकणला कंपनीत, वहिनीला शेतीत रस नाही, तरी ‘उद्या तू गेलीस की ते शेड कुणाचं’ हा प्रश्न ताटं वाढताना मध्येच येऊन बसतो. कायद्याचं उत्तर मला अभ्यासिकेतच पाठ झालं होतं: वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्रानं १९९४ ला दिला, देशानं २००५ ला. पण आमच्याकडं बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करायची आणि भावानं दिवाळीला साडी घ्यायची, ही कायद्यापेक्षा जुनी वहिवाट. सही केली नाही तर माहेर तुटतं, असं समजतात. भावाशी माझं वाकडं काहीच नाही, आणि म्हणूनच बोलायला जास्त जड जातं.

आत्या यंदा राखीला आली तेव्हा तिनंच विषय काढला. ‘करून टाक सही. आम्ही न्हाई का केल्या? माहेर राहतंय.’ तिच्या मताचं साल मला माहीत होतं, माझ्या लहानपणी ती तहसीलला जाऊन अंगठा देऊन आली होती. मी विचारलं, ‘आत्या, तेव्हा तुझ्या मनात काय होतं गं?’ तिनं पिशवीचा बंद दोनदा सोडला आणि बांधला. म्हणाली, ‘तव्हा इचारलं व्हतं का कुणी?’ मग उठली आणि म्हणाली, चल, तुझे किडे दाखव. शेडमध्ये ती बराच वेळ फिरली. एकेका रॅकपाशी थांबून पाला कुठून आणते, मजुरी किती जाते, वर्षाला किती बॅच निघतात, सगळं खोदून खोदून विचारलं. सहीचं पुन्हा बोलली नाही. पण जाताना मत मागंही घेतलं नाही.

अण्णांनी अजून काही ठरवलेलं नाही. भाऊ म्हणतो, दिवाळीत निवांत बसू. मी बसणार आहे, आणि सही करणार नाही हे तिथं त्याच्या तोंडावर, वहिनीसमोर सांगणार आहे. त्याआधी दोन बॅच निघायच्यात. गुरुवारी चॉकी येतेय, शेड धुऊन ब्लिचिंग मारायचंय, चुना संपलाय, आणि कपाशीवर फवारा कधी आहे ते बापूंना विचारून यायचंय.